हळू दाब

तेल्हाऱ्यापासून दोन कोसांवरच्या पिंपळखेडात भगवंतराव मास्तर पहिल्यांदा टेप घेऊन उतरले, तेव्हा अर्ध्या गावाला वाटलं की सरकारनं पुन्हा जमिनीची मोजणी काढली. ज्यांनी शेजाऱ्यांचे धुरे, म्हणजे शेताचे बांध, कोरले होते ते आधी वावराकडे पळाले. मास्तर मात्र सरळ शाळेत गेले, भिंतीवर कोळशानं रेघा मारल्या आणि एकेका पोराला भिंतीशी पाठ लावून उभं करायला लागले. मग गाव पोट धरून हसलं. जमीन मोजतात, कापूस मोजतात. पण पोट्टे मोजायचे म्हणजे काय? पोट्टे काय बाजारात न्यायचे आहेत?

साल अठ्ठावन्न. मास्तर अमरावतीच्या व्यायामशाळेत तयार झालेले, आवाज खणखणीत, मांड्या उखळासारख्या. शाळेतली पोरं कशी वाढतात ते पाहायचं, त्यासाठी दरवर्षी त्यांची उंची, वजन, छाती आणि मुठीची ताकद मोजायची, हे त्यांचं काम. वजनासाठी पाटलाच्या वखारीतला कापसाचा काटा आणला. एका पारड्यात मापं, दुसऱ्यात पोर. म्हाताऱ्या नाकाला पदर लावून पुटपुटल्या, "जित्या माणसाले मोजत नाई. मोजते ते तिरडीसाठी." पण शेवटी मास्तरांनी पिशवीतून जे काढलं, ते पाहायला त्याच म्हाताऱ्या सगळ्यात पुढे आल्या. लोखंडाची एक चौकट, वर घड्याळासारखी तबकडी आणि तबकडीत काटा. चौकटीतली दांडी मुठीत धरून दाबायची. जेवढा जोर, तेवढा काटा पुढे. गावानं त्याचं बारसं तिथंच केलं: मुठीचं घड्याळ.

श्रावणची लली तेव्हा दुसरीत होती. नाव ललिता, पण ते फक्त शाळेत. आईबरोबर कापूस वेचणं, विहिरीवरून पाणी ओढणं, गुडघ्यावर तुराट्या मोडून चुलीपाशी रचणं, ही कामं तिची. तिनं दांडी धरली, ओठ आवळले आणि दाबली. काटा सरकला तो पाटलाच्या तिसरीतल्या पोराच्याही पुढे जाऊन थांबला. मास्तर "वा रे वाघीण!" म्हणाले. तेवढ्यात शाळेच्या ओट्यावर मागून कोणीतरी बोललं, "पोट्टी हाये का रेडा?"

लोक हसले. लली हसली. तिचा बाप श्रावण तर तेल्हाऱ्याच्या कापसाच्या जिनात कामावर आठ दिवस हीच गोष्ट सांगत होता. एकट्या चतुराबाईला हसू आलं नाही. ललीची आई ती. डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन ओट्याच्या कडेला उभी होती. एवढे सगळे डोळे एका वेळी आपल्या लेकरावर टेकलेले पाहिले, आणि तिनं लेकीला तिथूनच घरी हाक मारली.

तिच्या भीतीला कारण होतं. ललीच्या आधीची दोन लेकरं तिनं नाल्याकाठी पुरली होती. दोन्ही गुटगुटीत, दोन्ही येणाऱ्याजाणाऱ्यानं उचलून घ्यावीत अशी. पुढे श्रावण नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, आणि आल्या दिवशी त्यानं कोपऱ्यातले देव टोपलीत भरून नाल्यात सोडले. चतुराबाई हूं की चूं बोलली नाही. ज्यांनी तिची दोन लेकरं राखली नाहीत, त्या देवांसाठी ती कशाला रडेल? पण देव टोपलीत मावले, भीती मावली नाही. श्रावणला नजरेचं नाव काढलेलं खपत नसे. "डोयानं लेकरू मरते काय व? मंग गावात एकबी वाचलं नसतं," असं म्हणून तो असा हसे की तिला पुढे बोलवत नसे. म्हणून ती जे करायची ते चोरून करायची. मिरच्या जाळल्या असत्या तर वास आला असता. ती नुसतं मूठभर मीठ पोरीवरून उतरवायची आणि नाल्यात टाकून यायची.

मुठीच्या घड्याळानंतर चार दिवसांनी ललीला ताप भरला. आठवडाभर हटला नाही. उतरला तेव्हा पोर अंथरुणाला चिकटून गेली होती. हिवाळा लागला होता, गावात दर घरी एक तापकरी होता, पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस! चतुराबाईनं मनाशी गाठ मारली की ते शंभर डोळे पोरीला भोवले.

दुसऱ्या वर्षी मास्तर येणार त्या सकाळी तिनं ललीला वेणी घालायला पुढ्यात घेतलं.

"मुठीचं घड्याय हाती आलं का हळू दाब. समजलं काय?"

"काऊन?"

"माय सांगते म्हणून. माही आण हाये तुले."

"बाले सांगू काय?"

"बाले नाई सांगायचं."

लली मान वळवून आईकडे पाहायला लागली. चतुराबाईनं तिचं डोकं पुन्हा सरळ केलं आणि पेड ओढला. आण घातली ती तिनं स्वतःची. लेकीची आण तिनं जन्मात कधी घेतली नव्हती, खऱ्या गोष्टीसाठीसुद्धा नाही. आण खोटी पडली तर ज्याची घेतली ते माणूस जातं, हे तिच्या आईनं तिला शिकवलेलं. दोन लेकरं पुरलेल्या बाईची जीभ तिथं अडतेच.

शाळेत पुन्हा गर्दी. श्रावण जिनातून अर्धी सुट्टी टाकून आला होता, धुतलेली टोपी घालून, पाटलाच्या पोराच्या बाजूलाच उभा. लली वीतभर उंच झाली होती, वजनही भरलं होतं. तिनं उजव्या हातानं दांडी दाबली. काटा हलला न हलला.

"अगं, जोर लाव," मास्तर म्हणाले.

ललीनं डोळे मिटले, मान ताठ केली, चेहरा लाल केला. काटा तिथंच. चतुराबाई कडेला उभी राहून मनात म्हणाली, काय सोंग करते माझी पोर! डाव्या हातानं दाबलं तेव्हा काटा उजव्याहून पुढे गेला. "डावखुरी झाली काय तू?" मास्तरांनी विचारलं. लोक हसले. चतुराबाईला वाटलं, वेडी, उजव्या हाताचं सोंग जरा जास्तच केलं.

घरी आल्यावर श्रावणनं टोपी खुंटीला न लावता खाली फेकली. "पाटलाच्या पोट्ट्यापुढे हात ढिला सोडला तुनं? भेली काय? भ्याले शिकवलं काय मी तुले? आपल्या लोकायनं मान वर करायची म्हणून मी रक्त आटवतो, आन तू भेकड निंघाली."

 लली आईकडे पाहत राहिली. चतुराबाईनं चुलीत फुंकर घातली आणि मान वर केली नाही. संध्याकाळी श्रावण बाहेर गेल्यावर तिनं पोरीच्या हातात गुळाचा मोठा खडा ठेवला. "माही शहाणी लेक. मायचं आयकलं." ललीनं तो खडा मुठीत धरून ठेवला. खाल्ला नाही. पोट भरलं असेल, असं आईला वाटलं. आईला काय काय वाटत होतं, ते सांगायला बसलं तर आज राग येतो. पण लेकरू जगावं यापलीकडे त्या बाईला काही नको होतं.

त्या वर्षी लली भाकरी करायला लागली. वऱ्हाडात पोरगी कामाची झाली की नाही, ते तव्यावर ठरतं. पहिली भाकर बोटांनी उलथताना प्रत्येक पोर हात झटकते, बोटं कानाच्या पाळीला लावते, आणि बाया हसतात. ललीनं हात झटकला नाही. उलथणं न घेता तिनं तापल्या तव्यावरची भाकर उचलली, आरामात फिरवली, इंगळावर टाकली, बोटांनीच गोल गोल भाजली. शेजारची पार्बताबाई पीठ मागायला आली होती, ती दारातच थबकली. "चतुरे, पोरीचा हात पक्का झाला व! माहा हात असा व्हाले दोन बायतपनं लागले. आता हिले कोनतंबी घर चालते."

चतुराबाईला त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं. कधी ललीच्या करंगळीला फोड दिसे. "चटका बसला काय?" "नाई माय, समजलंच नाई." आई हसायची. तिनंही पुढे चार बायांत सांगितलं की माझ्या लेकीला चटका कळत नाही. पोलक्याच्या बाहीखाली, कोपराच्या जरा वर, रुपयाएवढा फिकट चट्टा होता. शिबं असेल म्हणून तिनं त्यावर कडुनिंबाचा पाला वाटून लावला. पाण्याचा पितळी गुंड दोनदा ललीच्या हातून सुटला, तेव्हा मात्र तिनं पाठीत धपाटा घातला. "ध्यान कुठी असते तुहं?"

लली चौथी संपवत आली. चौथीच्या पुढे पिंपळखेडात शाळा नव्हती. पोरींना तर चौथीनंतर वावरच असायचं, आणि त्यानंतर नवरा. एके दिवशी भगवंतराव मास्तर आपल्या पायांनी श्रावणच्या घरी आले. बाजेवर बसले, पाणी मागून प्याले. चतुराबाईच्या हातचं पाणी पिणारा कुणब्याचा माणूस तिनं त्याआधी पाहिला नव्हता.

"अकोल्याले जठारपेठेकडे मुलींचं वसतिगृह निघालं आहे," मास्तर म्हणाले. "राहणं, जेवण, शाळा, सगळं तिथंच. खेड्यातल्या धडधाकट, खेळात चांगल्या मुली घेतात. पुढे व्यायामाच्या बाई करतील त्यांना. मी ललिताचं नाव दिलं आहे. पहिल्या वर्षीची तिची मूठ अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. मागच्या वर्षी गर्दीले लाजली असेल पोर, आणि यंदाची मोजणी माझ्याकडून राहून गेली. तिथं एक डॉक्टरीणबाई तपासतात, मूठ मोजतात. तिथं लाजू नको म्हणा."

मास्तर गेले. मग श्रावण आत आला, ललीच्या डोक्यावर हात ठेवला. "माही पोरगी बाई होते, व्यायामाची बाई," तो म्हणाला. त्याच क्षणी चतुराबाईनं ठरवलं की आता नजर लागो, काही लागो. पोर या धुळीतून निघते आहे. आपली आण आपणच काढून घ्यायची.

ते अकोल्याला पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. एसटीच्या धुळीनं श्रावणचा पांढरा सदरा मळला होता, तो सारखा झटकत होता. वसतिगृहाच्या अंगणात कडुनिंबाखाली दहाबारा पोरी आपापल्या आईबापांना बिलगून बसल्या होत्या. मास्तर आत होते. श्रावण पाणी पाहायला नळाकडे गेला, तेव्हा चतुराबाईनं ललीला जवळ ओढलं.

"आयक. आज हळू दाबू नको. जेवढा जोर हाये तेवढा लाव. मी आण घातली होती ते काढली. समजलं?"

लली तिच्याकडे पाहत राहिली. तिनं उजवा हात पाठीमागे नेला.

"काय झालं व?"

"माय, मी तवाच लावला होता."

"काय?"

"जोर. पुरा लावला होता. तुहं नाई आयकलं मी. पाटलाचा पोट्टा हासत होता, आन बा पाहून राहिला होता. मले बाले खुश करायचं होतं. मी लय जोरानं दाबलं, माय. काटा सरकलाच नाई."

चतुराबाईला आधी काही कळेना. मग तिनं ललीचा उजवा हात घेतला आणि आपली दोन बोटं त्या मुठीत दिली. "दाब." लली दाबायला लागली. चेहरा लाल झाला, मान ताठ झाली, डोळे मिटले गेले, अगदी त्या दिवशीसारखेच. सोंग नव्हतं ते. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अर्धवट वाकलेली होती, ती ना पुरती मिटत होती ना उघडत होती. तिची लेक दोन वर्षं या हातानं पाणी ओढत होती, भाकरी करत होती, आणि तिनं हा हात एकदाही असा हातात घेऊन पाहिला नव्हता.

"मले काऊन नाई सांगतलं, पोरी?"

"तुही आण मोडली होती ना मी. मले वाटलं आता तू मरशीन." लली हुंदके देत होती, पण बाकीच्या पोरी ऐकतील म्हणून हळू बोलत होती. "तू नाई मेली. माहा हात जाऊन राहिला होता. मंग मले समजलं, तुह्या बदली माहा हात गेला. सांगतलं असतं तं हात वापस आला असता, आन तू गेली असती. म्हणून मी कोनालेच नाई सांगतलं."

 चतुराबाईनं पोरीला छातीशी धरलं. दहा वर्षांच्या लेकरानं आईला वाचवायला आपला हात देऊन टाकला होता, दोन वर्षं गप्प राहिलं होतं, बापाकडून भेकड म्हणवून घेतलं होतं. आणि ही भीती त्याच्या पोटात घातली कोणी? तिनंच. दूध पाजावं तशी पाजली.

तेवढ्यात आतून नाव पुकारलं गेलं. ललिता श्रावण.

डॉक्टरीणबाई मधल्या वयाच्या होत्या, बोलणं सौम्य. मुठीचं घड्याळ दाबून झाल्यावर त्यांनी काट्याकडे जेमतेम पाहिलं. त्यांनी हात पाहिला. बाही वर केली, चट्टा पाहिला, कोपराच्या मागे बोट फिरवलं आणि तिथंच थांबल्या. मग ललीला डोळे मिटायला सांगितलं. "मी हाताला कापूस लावते. लागला की बोट ठेवून दाखव."

त्यांनी कापसाचा धागा मनगटाला लावला, ललीनं बरोबर बोट ठेवलं. अंगठ्याला लावला, ठेवलं. करंगळीला लावला. लली वाट पाहत उभी राहिली. तळव्याच्या कडेला लावला. लली तशीच उभी, डोळे घट्ट मिटून. जन्मल्यापासून कापसात वाढलेली पोर. कापसाच्या गाठोड्यावर झोपलेली, कापूस वेचून बोटं फाटलेली. तिला कापूस कळत नव्हता. मग बाईंनी टाचणी घेतली. करंगळीवर रक्ताचा थेंब आला, आणि मिटल्या डोळ्यांनी लली विचारत होती, "लावला काय, बाई? कापूस लावला काय?"

श्रावणनं पुढे होऊन सदऱ्याच्या टोकानं तो थेंब पुसला.

"चटका बसायचा का हिला?" बाईंनी विचारलं.

चतुराबाईला तवा दिसला, पार्बताबाई दिसली, ते कौतुक कानात घुमलं. "नाई बसत," ती म्हणाली. "मी चार बायात सांगत होती, माह्या पोरीले चटका बसत नाई म्हणून." आणि मग तिला थांबता येईना. आण, मीठ, गूळ, धपाटा, सगळं तिनं त्या खोलीत नवऱ्यादेखत ओकून टाकलं.

बाईंनी ऐकून घेतलं. मग श्रावणला सांगितलं की हा महारोग आहे. आता गोळ्या निघाल्या आहेत, रोग बरा होतो, पोरीच्या जिवाला धोका नाही. "पण ही नस दोरीसारखी जाड झाली आहे. ही दोन बोटं आता परत यायची नाहीत. मूठ कमी झाली त्या वर्षी आणली असती, तर हात वाचला असता."

वसतिगृहाच्या मुख्य बाईंनी वाईट वाटून घेतलं, पण बाकीच्या पोरींच्या आईबापांना काय सांगायचं, असं म्हणून दार लावून घेतलं. मास्तर अंगणात आले. एवढा थोरला पहिलवान गडी, कडुनिंबाच्या पारावर बसून म्हणाला, "श्रावण, मी काटाच पाहत राहिलो रे. पोरीचा हात हातात घेऊन पाहिला नाही."

परतीच्या एसटीत श्रावण बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होता. चतुराबाई वाट पाहत होती की आता हा बोलेल, मारेल, काहीतरी करेल. शेवटी तो एवढंच म्हणाला, "मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमी हासले असते."

 तेल्हारा जवळ आलं तेव्हा त्यानं आईच्या मांडीवर झोपलेल्या ललीचा तो हात उचलून आपल्या मांडीवर घेतला. "देव नाल्यात सोडाले एक दिवस लागला मले," तो म्हणाला. "तुह्यापाशी बसून तुहं भेव आयकाले दोन साल सवड नाई भेटली. आन लेकरू खरं बोललं असतं तं आयकाचं कोनी? मी तं तिले भेकड म्हटलं." मग तो मोठ्यानं रडला. पुढच्या बाकावरची माणसं वळून पाहायला लागली, तरी रडला.

गावाला कळायला वेळ लागला नाही. ज्या पार्बताबाईनं हात पक्का झाला म्हणून तोंड भरून सांगितलं होतं, तिनंच आपल्या सुनांना सांगितलं की त्या घरची भाकर घेऊ नका, रगतपिती हाये. विहिरीवर ललीचा दोर वेगळा झाला. जात म्हणून विहिरीचं दार नुकतं कुठं किलकिलं झालं होतं, ते रोग म्हणून पुन्हा लागलं, आणि या वेळी आपल्याच माणसांनी लावलं. आपलेच दात अन् आपलेच ओठ. दोष कोणाला द्यायचा? महिन्याभरानं श्रावणनं ललीला अमरावतीजवळच्या दवाखान्यात नेऊन ठेवलं. तिथं गोळ्या मिळत, शाळा होती, आणि तिच्याजवळ बसायला कोणी घाबरत नसे. जाताना लली रडली नाही. आईनंही रडायचं नाही असं ठरवलं होतं. ती घरी येऊन, ललीच्या भिंतीकडे तोंड करून रडली. त्या भिंतीवर श्रावणनं मास्तरांचं पाहून कोळशानं पोरीच्या उंचीच्या रेघा मारल्या होत्या, वर्षाला एक.

दिवाळी होऊन गेल्यावर चतुराबाई भेटायला गेली. फाटकाजवळच्या झाडाखाली लली आली, आणि आईला आधी ओळखच पटेना, एवढी उंच झाली होती. चट्टा पुसट झाला होता. डाव्या हातानं लिहायला शिकले म्हणाली. जमिनीवर काडीनं आपलं नाव काढून दाखवलं, ललिता, मोठं, वाकडं, स्वच्छ. चतुराबाईनं आणलेल्या तिळाच्या वड्या तिनं डाव्या हातानंच खाल्ल्या. उजवा हात ओढणीखाली होता.

"पाहू," आई म्हणाली.

ललीनं हात बाहेर काढला. "रोज तेल लावून बोटं सरळ करते. चिखलाचे गोये दाबते. इथली नर्सबाई म्हणते, जोर येऊन राहिला." ती थांबली. मग आशेनं म्हणाली, "तू पाह्य बरं, माय. येऊन राहिला काय?"

चतुराबाईनं आपली दोन बोटं त्या तळव्यावर ठेवली. लली दाबायला लागली. अंगठा आणि दोन बोटं जवळ आली. उरलेली दोन तशीच वाकून पडली. वेलीचं कोवळं टोक काठीला धरतं, तेवढी ती पकड होती. लली दात आवळून पुरा जोर लावत होती, कपाळावर घाम आला होता, आणि डोळे आईच्या तोंडाकडे लागलेले होते.

"हळू दाब व माय!" चतुराबाई ओरडली. "दुखते ना!"

"खरंच?"

"मंग काय."

"खोटं बोलते तू." ललीचा चेहरा उतरायला लागला. "मले खुश कराले बोलून राहिली. खरं सांग."

चतुराबाईनं तिच्याकडे पाहिलं. दोन लेकरं पुरली तेव्हापासून जी गोष्ट तिच्या जिभेवर कधी आली नव्हती, ती आली.

"तुही आण," ती म्हणाली.

ललीचं सगळं तोंड उजळलं. मग आईला दुखू नये म्हणून तिनं मूठ जरा सैल केली.